चाळीस घोडे

यात्रा उठून दीड महिना झाला.
घोड्यांच्या लिदीवर आता कोंबड्या,
आणि तापीच्या काठावर, चार टायरांवर टेकलेली
उदेसिंग गिरासेची जुनी मोटरबोट.
"चाळीस घोड्यांचं इंजिन आहे," तो म्हणतो.
आणि म्हणतो कुठे, तर सारंगखेड्यात,
जिथे एक घोडा घ्यायचा तर माणसं
ओठ उचलून दात बघतात,
चारदा पळवतात, खूर हातात घेतात
आणि तरी चहा पिऊन परत जातात.

मी पंख्याची पाती चाचपली.
तिनांपैकी एकाचा दात पडलेला.
वय कळलं.

तासांचं मीटर चारशे बारावर.
"एवढीच चालली," गिरासे.
मी काही बोललो नाही.
शहादा डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होतो,
मीटर कसं थांबतं
हे मला विचारू नका.

त्या बत्तीस वर्षांत
आभाळ म्हणजे गाडीचा तळ.
ग्रीस टपकायचं त्यातून.
म्हणून ठरवलं होतं, सुटलो की
पाण्यावर उताणं पडायचं, वर काही नको.
आज सुटून तिसरा महिना
आणि मी पुन्हा उताणा,
एका बोटीखाली,
तोंडावर वाळलेलं शेवाळ.

सोबत झिपरू वाडिलेला आणलं होतं, भोई.
त्याने नदी पाहिली, बोट पाहिलीच नाही.
"पानी माले समजस," म्हणाला, "मशीन तुले.
चैतमा तठला खडक वर येस. तवय काय करशी?"
मी म्हटलं, तेव्हा बघू.
तो विडी शोधत राहिला.

इंजिन पिंपातल्या पाण्यात सोडलं. दोरी ओढली.
नाही.
ओढली. खोकलं.
तिसऱ्या वेळी लागलं, आणि बाजूने
ती बारीक धार सुटली, तान्ह्या पोराची सुटते तशी,
थेट गिरासेच्या पांढऱ्या लेंग्यावर.
म्हणजे आत पाणी फिरतंय.
तो आवाज ऐकून मला जे झालं
ते सांगण्यासारखं नाही.
दोन लाख ऐंशी हजार
खिशातल्या पासबुकात उठून उभे राहिले.

तेवढ्यात केसर उतरली रिक्षातून,
डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा.
बोटीला एक फेरी मारली.
"हाई जाई कोठे?"
म्हटलं, इथल्या बॅरेजपासून प्रकाशाच्या बॅरेजपर्यंत.
"पुढे?"
पुढे दारं.
"म्हंजे शटल," ती म्हणाली.

मग डबा वाळूत ठेवला,
पदराला हात पुसले
आणि बाजारात माठ घेताना वाजवते तशी
बोटाने बोट वाजवत निघाली.
टण.
डाव्या कुशीवर टण. टण.
नाकाशी टण.
मागे, जिथे इंजिन टांगतात त्या फळीशी,
बद्द.

पुन्हा वाजवलं. बद्द.
आम्ही तिघांनीही वाळूकडे पाहिलं.
रंग नवा, आत लाकूड भिजलेलं.
चाळीस घोडे
त्या भिजल्या फळीला बांधलेले.

गिरासे वीस हजारांनी उतरला, चहासुद्धा न मागवता.
केसर भाकरी मोडत होती.
फळी बदलता येते, मी मनात,
प्लायवूड सुरतेला मिळेल,
चार दिवसांचं काम, फार तर सहा,
चैतात खडक वर येईल तोवर तर
"आधी जेव," ती म्हणाली.

आज शहाद्याला गेलो. बँकेत नाही.
स्पेअरच्या दुकानात दोन प्लग मागितले.
पोरगं म्हणालं, कोणत्या गाडीला?
मी नंबर सांगितला, गाडी सांगितली नाही.
पिशवीत टाकून स्टँडवर बसलो.
समोरून प्रकाशा गाडी गेली.
तिचा तिसरा गिअर अजून ओरडतो.